पंखा आणि बोटीचं बूड: मधे जागा किती सोडायची?

सातपुडापल्याड

नमस्कार मंडळी. खान्देशात बोटींवर चर्चेचा धागा म्हणजे वाळवंटात छत्रीचं दुकान असं कोणाला वाटेल. पण हतनूर, गिरणा, नवापूरकडे उकाईचा फुगवटा, तापीवर प्रकाशा-सारंगखेड्याचे बॅरेज आणि आमच्या उत्तरेला नर्मदा, एवढं पाणी असलेल्या मुलखात कोणीतरी जाणकार असणारच, म्हणून विचारतो.

अक्कलकुवा तालुक्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीची लोखंडी बोट आहे. लांबी ३० फूट, बूड जवळपास सपाट, मागे जरासं वर उचललेलं. प्लेट ५ मिमी. इंजिन ट्रॅक्टरचं, ४० एचपी, पाणी थंड करायची सोय नंतर केलेली. मासळी, बर्फाच्या पेट्या, बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, सगळं याच बोटीतून.

तक्रार अशी की इंजिन १७०० ते १९०० आरपीएममध्ये आलं की मागचा सगळा पाट थरथरतो. बाकावर स्टीलचा पेला ठेवला तर पाणी नाचतं आणि पेला सरकत सरकत कडेला येतो. १५०० ला शांत. २००० ला पुन्हा बरं. आता बोट किनाऱ्याला ओढली तेव्हा पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बरोबर वरच्या प्लेटला, आतल्या पट्टीच्या वेल्डिंगलगत, बोटभर लांब चीर दिसली. केसाएवढी बारीक, पण कडेने गंज ओघळलेला, म्हणजे जुनी असावी.

बांधणाऱ्याला विचारलं तर म्हणतो "पंखा बुडाच्या फार जवळ आहे, पण चालतं". दुसरा एक म्हणतो, चार इंच हवेतच. नक्की किती हवी जागा?

---

शाफ्टवाला

नुसते इंच विचारून उपयोग नाही भाऊ. दहा इंचाच्या पंख्याला दोन इंच म्हणजे चैन, तीस इंचाच्या पंख्याला दोन इंच म्हणजे मार. जागा मोजायची ती पंख्याच्या व्यासाच्या टक्क्यांत.

आधी एवढं सांगा:
पंख्याचा व्यास आणि पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर (दोन्ही इंचांत बॉसवर, मधल्या गोळ्यावर, ठोकलेलं असतं, उदा. २०×१३). पाती किती. गिअरबॉक्सचा रेशो. बोटीचा भरल्यावरचा वेग. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) किती जाडीचा, किती लांब.

आणि जागा नीट मोजा. पात्याचं टोक फिरवून बरोबर वर, बुडाला सर्वांत जवळ येईल असं आणायचं. मग टोकापासून प्लेटपर्यंत शाफ्टला काटकोनात मोजायचं, ओळंब्याने नाही. प्रत्येक पात्याला वेगळं मोजा. एखादं पातं दोन-तीन मिमीने वेगळं आलं तर तीही बातमीच आहे. मी जळगाव एमआयडीसीत लेथवर असतो, येणाऱ्या दहातल्या निम्म्या पंख्यांना एक पातं वाकलेलं असतंच.

---

सातपुडापल्याड

मोजलं. पोराला खाली झोपवून व्हर्नियर लावला.

पंखा २०×१३, तीन पाती, पितळी. गिअर २:१. शाफ्ट दीड इंची, सुमारे सहा फूट. वेग ७ नॉटच्या आसपास, भरल्यावर सहा. इंजिन तीन सिलिंडर, २२०० आरपीएमला ४० एचपी.

जागा: ३२, ३२, ३३ मिमी. म्हणजे सव्वा इंच.

---

निवृत्त दर्यावर्दी

२० इंच म्हणजे ५०८ मिमी. ३२ भागिले ५०८, सव्वासहा टक्के. कमी आहे. तुमचा बांधणारा अर्धं बरोबर बोलला.

ढोबळ हिशेब असा. संथ फिरणारा पंखा, संथ बोट: ८ ते १० टक्के ही खालची मर्यादा. आपल्यासारख्या डिझेल लाँचला १५ टक्के धरून बांधावं. पाण्यावर उचलून पळणाऱ्या जलद बोटींना २० टक्के. तुमच्या पंख्याला १० टक्के म्हणजे ५१ मिमी, १५ टक्के म्हणजे ७६ मिमी. चार इंच म्हणणाऱ्याने २० टक्के सांगितले. चूक नाही, पण सात नॉटच्या बोटीला तेवढ्याची गरज नाही.

मी नोकरीत असताना ज्या जहाजांवर होतो तिथे पंखा सहा-सात मीटरचा आणि वर माणूस ताठ उभा राहील एवढी मोकळीक, साधारण पाव व्यास. आरपीएम जेमतेम शंभर, तरीही एवढी जागा. कारण एकेका पात्यावर ताकद प्रचंड आणि मागच्या बाजूला येणारं पाणी फार विस्कटलेलं असतं.

---

उगाचविचारतो

जागा कमी असेल तर पाणी चांगलं दाबलं जाऊन उलट जोर वाढायला नको का? पंपात तर इंपेलर आणि केसिंगमधे जागा कमी तेवढी चांगली म्हणतात.

---

शहादेकरीण

प्रश्न उगाच नाहीये :) मी कोचीनला नेव्हल आर्किटेक्चर शिकतेय, तिसरं वर्ष, तेव्हा माझं बोलणं मिठाच्या चिमटीसह घ्या.

पंपात केसिंग चारी बाजूंनी सारखं असतं. पातं फिरताना त्याला सगळीकडे तीच भिंत दिसते. बोटीच्या पंख्यावर नळीसारखं कडं बसवतात (टगला, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीला असतं तसं), तिथेही हाच न्याय. तिथे टोक आणि कडं यांच्यात व्यासाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी फट ठेवतात, आणि ती खरंच जोर देते.

उघड्या पंख्याचं तसं नाही. त्याला भिंत फक्त वर आहे, एकाच जागी. प्रत्येक पात्याच्या पुढच्या अंगाला दाब कमी आणि मागच्या अंगाला जास्त असतो, आणि हा दाबाचा फरक पात्यासोबत फिरत असतो. पातं बुडाखालून गेलं की प्लेटला एक ओढ आणि एक ढकल बसते. दुसरं पातं आलं, पुन्हा तेच. सेकंदाला किती वेळा? फेरे गुणिले पाती. अंतर जरा वाढलं की हा मार झपाट्याने उतरतो, पण एका मर्यादेनंतर अजून जागा सोडून फारसं हाती लागत नाही. म्हणून १५-२० टक्क्यांशी लोक थांबतात.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. बुडाला चिकटून वाहणारं पाणी बोटीसोबत ओढलं जातं, म्हणजे पंख्याकडे ते हळू येतं. खालचं पाणी मोकळं, वेगाने येतं. जागा कमी असेल तर पात्याचं टोक प्रत्येक फेरीत या सुस्त थरात घुसतं आणि बाहेर येतं. सुस्त पाण्यात त्याच पात्यावर भार एकदम वाढतो. भार वाढला की पात्याच्या पुढच्या अंगाचा दाब इतका खाली उतरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात, तेच कॅव्हिटेशन. ते सुरू झालं की प्लेटला बसणारा मार कैकपट होतो.

सातपुडापल्याड काका, पात्यांच्या टोकाजवळ, बोटीकडच्या तोंडावर, बारीक खड्डे पडलेत का बघा. हाताचं बोट फिरवलं तर खरखर लागेल असे.

---

सातपुडापल्याड

आहेत बहुतेक. टोकापासून दोन-अडीच इंचाच्या पट्ट्यात पितळ खरबरीत झालंय, बाकी पातं गुळगुळीत. मला वाटलं वाळूने घासलं असेल.

---

निवृत्त दर्यावर्दी

वाळूने घासलं तर कड झिजून धार येते, पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो. खरबरीत खड्डे म्हणजे ताईंनी सांगितलं तेच. पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं.

---

पाणकावळा

मधेच घुसतो. आम्ही हतनूरला हिवाळ्यात पक्षी बघायला छोटी फायबरची बोट नेतो, मागे आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन). त्याच्या पंख्याच्या डोक्यावर जी आडवी पट्टी असते तिच्यात आणि पात्यात माझं बोटही मावत नाही. तिथे कुठे गेले १५ टक्के?

---

शाफ्टवाला

ती पट्टी म्हणजे बोटीचं बूड नव्हे. हाताएवढी जाड ओतीव पट्टी, क्षेत्रफळ चिमूटभर. तिला मार बसला तरी ती ढोलाच्या कातड्यासारखी वाजत नाही. शिवाय सगळं युनिट रबरी बुशांवर लटकलेलं. आणि आउटबोर्डचा पंखा बोटीच्या मागे असतो, बुडाखाली नाही.

पट्टीचं काम वेगळं आहे. वरून हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून ती. लोक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण ती रोखते हवा, वाफ नाही. ती बुडाच्या खालच्या रेषेला किंवा फार तर इंचभर वर असावी. तुमची बोट वळताना इंजिन एकदम बोंबलतं का? तसं असेल तर इंजिन फार वर बसलंय, किंवा २० इंची ट्रान्समला (बोटीच्या मागच्या उभ्या फळीला) १५ इंची शाफ्टचं इंजिन लावलंय.

---

पाणकावळा

बोंबलतं! आणि बदकं उडून जातात. बघतो मोजून, धन्यवाद.

---

प्रकाशेकर आबा

टक्के बिक्के माले समजत नही भो. पन एक सांगस. पावसायामा तापीमा जलपर्णी येस, तिन्हासंगे लाकडं येतस. पंखा नि बूड यामा जागा कमी ऱ्हायनी की लाकूड मधमाच अडकी जास. मंग पंखा फिरस नही, नि शाफ्ट वाकी जास.

जागा इतली ठेवा की मनगटाएवढं लाकूड निघून जाईल. आम्ही तेच माप धरत आलो. जाळ्याचा दोर गुंडाळला तर हात घालून कापता पण आला पाहिजे.

---

निवृत्त दर्यावर्दी

आबा, मनगट म्हणजे दोन-अडीच इंच. २० इंची पंख्याला १०-१२ टक्के. तुमचं आणि माझं जमलं.

नर्मदेच्या फुगवट्यात तर हे जास्तच लागू. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि खालची ११०.६४. म्हणजे २८ मीटर पाणी वरखाली होऊ शकतं. बुडालेली झाडं, खुंट, जुनी शेतं, घरांची लाकडं, सगळं कधी ना कधी पंख्याच्या उंचीला येतंच.

---

सातपुडापल्याड

खरं आहे. सागाचे खुंट उन्हाळ्यात पाण्याबाहेर दातासारखे दिसतात, पावसाळ्यानंतर तेच दिसत नाहीत. आमचा नावाडी खुणा पाठ करून चालवतो.

आता करायचं काय ते सांगा. बोट अजून किनाऱ्यावरच आहे. पाणी वाढायच्या आत उतरवायची आहे.

---

शाफ्टवाला

माझं मत: शाफ्ट खाली घ्या. सहा फुटी शाफ्टचं मागचं टोक दीड इंच खाली गेलं तर कोन जेमतेम सव्वा अंशाने वाढतो. आधी दहा-अकरा अंश असेल तर काहीच बिघडत नाही, पंधराच्या आत राहिलं म्हणजे झालं. ३२ मध्ये ३८ मिळवा, ७० मिमी, पावणेचौदा टक्के. पंखा तोच, इंजिन तेच.

---

निवृत्त दर्यावर्दी

कागदावर ठीक. पण स्टर्न ट्यूब (शाफ्ट बुडातून बाहेर जाते ती नळी) कापून पुन्हा जोडणं, शाफ्टला बाहेरून धरणारा ब्रॅकेट खाली, इंजिनचे फाउंडेशन कलते, सुकाणूचा खालचा आधार खाली. नर्मदेच्या काठावर जनरेटर लावून हे करणार कोण? आणि पंखा दीड इंच खाली म्हणजे खुंटाच्या दीड इंच जवळ.

माझं मत: पंखा लहान करा, पाती वाढवा.

---

उगाचविचारतो

त्यापेक्षा आहे त्याच पंख्याची टोकं लेथवर एकेक इंच उडवली तर? फुकटात १८ इंची.

---

शाफ्टवाला

फुकटात नाही, आणि माझ्याकडे असे पंखे येतात म्हणून सांगतो. टोक कापलं की तिथे जाड बोथट कड उरते. ती तासून पातळ करावी लागते, नाहीतर कॅव्हिटेशन आधीपेक्षा वाढतं. मग बॅलन्सिंग. आणि दोन इंच व्यास गेला की इंजिनवरचा भार एवढा उतरतो की ते सुसाट फिरतं आणि बोट जागच्या जागी. व्यासातला एक इंच हा पिचच्या दोन ते तीन इंचांएवढा भार धरतो. तेरा पिचचा पंखा अठरा पिचचा करायला पाती पिळावी लागतील. पितळ तेवढं पिळताना तडकतं.

प्लेटवर जाड पत्रा डबल मारा असाही सल्ला कोणी देईल. चीर बुजवायला आतून आडव्या पट्ट्या हव्यातच, पण मार देणारा तसाच ठेवून नुसता पत्रा जाड केला तर चीर तिथून सरकून जाड-पातळ जिथे मिळतात तिथे येते.

---

शहादेकरीण

चार पात्यांबद्दल सहमत. तोच जोर चार जणांत वाटला की प्रत्येक पात्याचा धक्का लहान होतो. तीनवरून चारवर जाताना व्यास साधारण सहा टक्क्यांनी आपोआपच कमी घ्यावा लागतो, म्हणजे १९ इंचाच्या जरा आत. तिथून आणखी थोडं खाली १८ वर या आणि पिच १४ च्या आसपास. जागा ३२ अधिक २५, म्हणजे ५७ मिमी, व्यासाच्या साडेबारा टक्के. कार्यक्षमता किंचित जाते, मोठा संथ पंखा नेहमीच जास्त देतो. पाती मागे झुकलेली, तिरकस मिळाली तर आणखी चांगलं. सगळं टोक एकदम बुडाखाली येत नाही, थोडं थोडं करून सरकतं.

पुढच्या बोटीला मात्र बुडात बोगदा काढा. पंखा अर्धा वर बोगद्यात, त्यामुळे खोली कमी लागते. फक्त बोगद्याचं मागचं तोंड पाण्याखाली बुडालेलं हवं, म्हणजे हवा शिरत नाही.

---

निवृत्त दर्यावर्दी

एक गोष्ट मघापासून डोक्यात घोळतेय. थरथर फक्त १७०० ते १९०० लाच का? जागा कमी म्हणून असेल तर वेग वाढेल तशी वाढायला हवी. २००० ला बरं वाटतं म्हणजे कुठेतरी सूर जुळतोय.

आकडे मांडतो. इंजिन १८००, गिअर २:१, शाफ्ट ९००. मिनिटाला ९०० म्हणजे सेकंदाला १५ फेरे. पाती तीन. बुडाला सेकंदाला ४५ धक्के.

आता इंजिन. १८०० म्हणजे सेकंदाला ३० फेरे. फोर-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडर म्हणजे फेऱ्याला दीड. ३० गुणिले दीड...

४५.

---

शाफ्टवाला

अरे देवा. तीन सिलिंडर, २:१, तीन पाती. कुठल्याही आरपीएमला दोन्ही एकच.

---

शहादेकरीण

_/\_ काका, दंडवत. आणि मागच्या प्लेटची, पट्ट्यांच्या मधल्या चौकोनाची, स्वतःची कंपनसंख्या ४५ च्या आसपास असेल तर १८०० ला तिघंही एकत्र. वर-खाली गेलं की प्लेट सुरातून बाहेर.

चार पाती केली तर १८०० ला पंखा ६० वर जातो, इंजिन ४५ वर राहतं. जोडी फुटते. फक्त पंखा मग १३५० आरपीएमला ४५ वर येईल, तिथे थोडं जाणवू शकतं. पण त्या वेगाला जोरच कमी असतो.

---

सातपुडापल्याड

हे कोणीच सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरचं इंजिन मिळतं, सुटे भाग तळोद्यात मिळतात, मिस्त्री गावात आहे, म्हणून ते घेतलं. गिअरबॉक्स २:१ मिळाला, तो लावला. पंखा बांधणाऱ्याकडे पडून होता तो बसवला.

पण खात्री कशी करायची? नवा पंखा मागवायचा म्हणजे सोसायटीत विषय ठेवावा लागणार.

---

निवृत्त दर्यावर्दी

मोबाइलवर कंपन मोजायचं ॲप घ्या, आलेख दाखवणारं. फोन मागच्या पाटावर टेपने घट्ट चिकटवा, हातात धरू नका. बोट पाण्यात, १८०० आरपीएम, आधी न्यूट्रलमधे, मग गिअर टाकून.

१५ वर शिखर आलं तर शाफ्ट वाकलाय किंवा पंखा असमतोल. ४५ वर न्यूट्रलमधेही तेवढंच आलं तर इंजिन आणि त्याचे माउंटिंग. गिअर टाकल्यावर ४५ उसळलं तर पंखा. भार आल्यावर इंजिनाचा ठोकाही थोडा वाढतो हे लक्षात ठेवा, म्हणून शंभर टक्के निकाल देऊ नका. पण फरक मोठा असेल तर कळेल.

आणि पाण्यात असतानाच कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाचे) बोल्ट सोडून चारी बाजूंनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. चार इंची फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. किनाऱ्यावर मोजलेलं खरं नसतं, बोट पाण्यात बसली की बूड थोडं वळतं.

---

शाफ्टवाला

आणि ब्रॅकेटच्या रबर बेअरिंगपासून पंख्याच्या बॉसपर्यंत किती शाफ्ट उघडा आहे तेही बघा. शाफ्टच्या जाडीएवढा, म्हणजे दीड इंच, त्याहून जास्त नको. काही लोक पुढची जागा वाढवायला शाफ्ट मागे ओढतात आणि तीन-चार इंच लोंबता ठेवतात. तो मग चाबकासारखा फिरतो.

पुढची जागा म्हणजे पंख्यापुढे जी उभी कील (बुडाखालचा कणा) असते तिच्यापासून. व्यासाचा पाव ते तीस टक्के हवी, आणि कीलची मागची कड चौकोनी न ठेवता निमुळती घासलेली. नाहीतर पाणी तिथे गुंडाळतं आणि वरची जागा कितीही सोडा, थरथर राहतेच.

---

सातपुडापल्याड

बोट तात्पुरती उतरवून बघितलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारून वेल्डिंग केलं होतं, आतून दोन पट्ट्या.

१५ वर काही नाही. न्यूट्रलला ४५ वर छोटं शिखर. गिअर टाकला की तेच शिखर चार-पाच पट उंच. कपलिंग ०.१५ निघालं होतं, पॅकिंग पत्रा घालून ०.०५ वर आणलं, त्याने फरक नाही पडला. बेअरिंगबाहेर शाफ्ट इंचभरच आहे. कीलची कड मात्र चौकोनी, ती ग्राइंडरने निमुळती केली.

सोसायटीच्या बैठकीत आलेख दाखवला. अध्यक्ष म्हणाले, दवाखान्यात काढतात तसला कागद बोटीचाही निघतो हे पहिल्यांदा बघितलं. मंजूर झालं. १८×१४, चार पाती, मुंबईहून मागवला.

---

उगाचविचारतो

प्रवासी नेता म्हणता तर नोंदणीचं काय? सहज विचारलं.

---

सातपुडापल्याड

रास्त प्रश्न. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली यांत्रिक बोटीला सर्व्हे आणि नोंदणी लागते. आमची आहे. लाइफ जॅकेटही आहेत, घालायला लावणं हे वेगळं युद्ध. तो विषय वेगळ्या धाग्यात काढा, इथे भरकटेल.

---

सातपुडापल्याड

धागा वर काढतो. पंखा आला, बसवला. वर ५७ मिमी, चारही पात्यांना. खालची शू पट्टी (पंख्याखालून सुकाणूला आधार देणारी) आणि पात्यात आता तीन इंच आहे, तिथे एवढी गरज नव्हती पण लाकूड निघून जायला बरं.

१८०० ला पेला जागेवर राहतो. पाणी हलतं, नाचत नाही. १३५० ला ताई म्हणाल्या तसं किंचित जाणवतं, बसलेल्याला कळणार नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन २१५० पर्यंत जातं, आधी २०५० ला अडायचं. वेग जवळपास तोच. थांबायला मात्र जरा बरी झाली, रिव्हर्सला चार पाती चांगली धरतात.

---

निवृत्त दर्यावर्दी

उत्तम. २२०० च्या इंजिनाला भरल्या बोटीत २१५० म्हणजे पिच बरोबर बसला. आधी २०५० ला अडत होतं म्हणजे इंजिन ओझ्याखाली होतं, धूरही काळा येत असणार.

नवीन पंख्यावर महिनाभराने हाताचं बोट फिरवून बघा, टोकाला खरखर धरतेय का.

---

शहादेकरीण

हे आकडे मी कॉलेजच्या प्रोजेक्टमधे वापरले तर चालतील का काका? बोटीचं नाव देणार नाही.

---

सातपुडापल्याड

खुशाल वापर ताई. आलेखाचे फोटोही पाठवतो.

---

प्रकाशेकर आबा

जुना पंखा काय करना? इकना शे का? आमच्या बोटीला वीसचाच पाहिजे, वर जागा चार इंच शे.

---

शाफ्टवाला

आबा, थांबा. इंजिन किती सिलिंडरचं, गिअर किती, पूर्ण आरपीएम किती, ते आधी लिहा. आणि घ्यायचाच ठरला तर जळगावला पाठवा, टोकाचे खड्डे घासून बॅलन्स करून देतो.

---

प्रकाशेकर आबा

दोन सिलिंडर. गिअरनं पोऱ्याले ईचारीसन सांगस.